रानपाखरांची रेखाटने

रशियातील सेंट पीटर्सबर्ग शहरी हर्मिटाज नावाचे जगप्रसिद्ध संग्रहालय आहे. त्या संग्रहात सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील एक मोगल चित्र जपून ठेवलेले आहे. चित्राच्या मध्यभागी डोडो उभा आहे. मॉरिशस बेटावर राहणारा, उडता न येणारा हा थोराड पक्षी त्याच शतकात जगातून कायमचा नाहीसा झाला. युरोपातील चित्रकारांनी डोडोची चित्रे पुष्कळ काढली; पण त्यांपैकी बरीचशी पेंढा भरलेल्या कातड्यावरून किंवा दुसऱ्याच्या चित्रावरून उतरविलेली असल्यामुळे त्यांतला डोडो बेढब आणि अतोनात लठ्ठ झाला आहे. मोगल चित्रातला डोडो त्या मानाने सडपातळ आहे, आणि पक्षिशास्त्रज्ञ या चित्राला विशेष मान देतात. त्याचा कर्ता निश्चितपणे सांगता येत नसला तरी ते जहांगीर बादशहाच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूर याचे असावे असे मानले जाते. सुरतेस दोन जिवंत डोडो पाहिल्याचे पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने 1628 नंतरच्या काही वर्षांत नमूद करून ठेवले आहे. तेव्हा हिंदुस्थानातील एखाद्या चित्रकाराने हा पक्षी समोर बसवून काढला असेल, हे सहज संभवते.

परंतु ज्याला आज कोणीही पाहू शकत नाही अशा पाखराचे चित्र खरे की खोटे, हे ठरवावयाचे कसे? त्याचे उत्तर त्याच कागदावर मिळते. डोडोच्या भोवती आणखी काही पक्षी काढलेले आहेत. हिमालयातला जुजुराना आहे, डोक्यावर काळे पट्टे असलेली पट्टकादंब हंसांची जोडी आहे, माळरानावरच्या पखुर्ड्या आहेत आणि मलायाकडचा एक चिमुकला पोपट आहे. हे सगळे पक्षी आजही जिवंत आहेत. त्यांच्या चोची, त्यांच्या पंखांवरचे पट्टे, त्यांची उभे राहण्याची ढब ही चित्राशी ताडून पाहता येतात, आणि ती बरोबर उतरतात. ज्या हाताने पखुर्डीच्या अंगावरची नक्षी खोटी काढली नाही, त्याने डोडोची चोचही खोटी काढली नसावी, असा हा साधा तर्क आहे. ओळखीच्या पाखरांनी अनोळखी पाखराची साक्ष काढली, असे म्हणावयास हरकत नाही.

रविवारी सकाळी वही घेऊन तळ्याकाठी जाऊन बसणाऱ्या हौशी चित्रकाराचा या दरबारी उस्तादाशी काय संबंध, अशी शंका कोणी घेईल. कौशल्याच्या दृष्टीने संबंध फारसा नाही. पण पाखराचे चित्र विश्वासार्ह कशाने होते, हा प्रश्न दोघांनाही सारखाच लागू आहे. दिसले तेवढेच काढावयाचे आणि न दिसलेले मनाने भरावयाचे नाही, हा नियम पाळावयास दरबार लागत नाही.

आपल्या देशात पक्ष्यांची चित्रे काढण्याचे काम दीर्घकाळ आश्रयदात्यांच्या इच्छेने चालले. बाबराने आपल्या आत्मवृत्तात प्राण्यांची वर्णने लिहिली, पण त्यांची चित्रे काढवून घेतली नाहीत, अशी टीका जहांगिराने केली आहे; आणि 1612 साली मुकर्रबखानाने गोव्याहून अपूर्व पशुपक्षी आणले तेव्हा त्यांची चित्रे काढण्याची त्याने आज्ञा केली. त्या पक्ष्यांत टर्की कोंबडा होता, आणि मन्सूरने काढलेला टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात पाहावयास मिळतो. पुढे कलकत्त्यास सरन्यायाधीश इंपे यांच्या पत्नीने 1777 ते 1782 या काळात शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास या पाटण्याकडच्या चित्रकारांकडून आपल्या संग्रहातील प्राण्यांची तीनशेवर चित्रे करवून घेतली. त्यांपैकी भवानी दासाने काढलेले गुलाबी डोक्याचे बदक आता केवळ चित्रांत आणि संग्रहालयांतच उरले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून ते खात्रीने कोणालाही दिसलेले नाही.

हौशी माणूस या कामात शिरला तो बहुधा आपल्या नोकरीच्या किंवा घराच्या आडोशाने. ज्याच्या नावाने एक निळा माशीमार आजही आपल्या झाडीत शीळ घालतो तो सॅम्युएल टिकेल लष्करात अधिकारी होता; फिरतीवर असताना त्याने पाखरे रंगविली आणि आपले सचित्र हस्तलिखित लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेस देऊन टाकले. पण हौशी चित्रकाराचा खरा आदर्श पाहावयाचा तर निलगिरी पर्वतातील कोटागिरीस गेले पाहिजे. तेथे मार्गारेट कॉकबर्न नावाची बाई राहत असे. तिचा जन्म 1829 चा आणि मृत्यू 1928 चा. सेलमच्या कलेक्टराची ही कन्या. पक्षिशास्त्राचे रीतसर शिक्षण तिला मिळाले नव्हते. तिने केले एवढेच, की घराच्या परिसरात येणारी पाखरे वर्षानुवर्षे पाहिली, त्यांची जलरंगात चित्रे काढली, आणि घरट्यांविषयी, अंड्यांविषयी, सवयींविषयी जे दिसले ते लिहून ठेवले. ॲलन ह्यूम याने हिंदुस्थानातील पक्ष्यांची घरटी आणि अंडी यांवर जो मोठा ग्रंथ रचला त्यात कोटागिरीच्या मिस कॉकबर्नचा हवाला ठिकठिकाणी आढळतो. तिच्या चित्रांची वही आता लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहे. एका डोंगरी गावाच्या पंचक्रोशीबाहेरचे पाखरू काढण्याची तिला गरज वाटली नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण नवशिक्यांची पहिली धाव नेमकी दुर्मीळ पाखरांकडे असते.

पहिला धडा गायबगळ्यापाशी घ्यावा. दिल्लीला यमुनेकाठी, इंदूरला सिरपूरच्या तलावावर, बडोद्याच्या शिवारात किंवा कोकणातल्या खाचरात, गायबगळा सर्वत्र आहे. तो आकाराने मोठा, रंगाने पांढरा आणि स्वभावाने माणसाला सरावलेला. असे असूनही पहिल्या दिवशी जे कागदावर उतरते ते गायबगळ्याचे चित्र क्वचितच असते. प्रत्येकाच्या मनात लहानपणापासून एक पाखरू बसलेले असते: अंड्यासारखे अंग, त्याला पुढे चोच, मागे पंख्यासारखी शेपटी, खाली दोन काड्या. डोळ्यांसमोर बगळा असतो आणि हात ते मनातले पाखरू काढीत असतो. त्या पाखराला बाहेर घालविणे हेच शिक्षणाचे बहुतेक काम होय.

त्यासाठी पाखराच्या देहाची थोडी माहिती उपयोगी पडते. पाखराचा गुडघा मागे वाकतो असे वाटते. वस्तुतः तो गुडघा नव्हेच, तो घोटा आहे. खरा गुडघा पोटाच्या पिसांत झाकलेला असतो आणि तो माणसाच्या गुडघ्यासारखाच पुढे वाकतो. पाखरू सदैव चवड्यावर उभे असते, एवढे समजले म्हणजे पाय काढण्यातील निम्म्या चुका आपोआप टळतात. बगळ्याच्या मानेला जो कोयंडा पडल्यासारखा दिसतो त्याचे कारण मानेतील सहावा मणका इतरांहून वेगळ्या घडणीचा असतो. त्यामुळे ती मान रबरी नळीसारखी सर्वत्र सारखी वळत नाही, एका ठराविक जागी मोडते. चिमणी, साळुंकी, बुलबुल यांची तीन बोटे पुढे आणि एक मागे. सुतार आणि पोपट यांची दोन पुढे, दोन मागे. फांदी पकडलेला पाय काढताना ही बोटे मोजलेली असावीत.

तोल हीही अशीच एक बाब. पाखराच्या अंगाच्या मध्यापासून सरळ खाली एक रेघ सोडली, तर ती पावलांच्या जागी उतरली पाहिजे. एका पायावर उभ्या असलेल्या बगळ्याचा तो एक पाय अंगाच्या बरोबर खाली आलेला असतो. रेघ पुढे पडली तर चित्रातले पाखरू तोंडघशी पडणार. कित्येक सुबक चित्रांत पिसान् पीस रेखलेले असते, पण पाखरू पुढच्या क्षणी आपटेल अशी धास्ती वाटत राहते. बारीक पिसे काढण्यापूर्वी ही रेघ सोडून पाहण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

प्रत्यक्ष रेखाटनात मोठी अडचण म्हणजे पाखरू स्थिर राहत नाही. यावर जुनी आणि खात्रीची युक्ती अशी, की एका पानावर एकच चित्र करू नये. बगळ्याने मान उंच केली, चार रेघा ओढल्या. त्याने मान आखडली, शेजारी दुसऱ्या चार रेघा. तो चोचीने पाठ विंचरू लागला की तिसरे रेखाटन. थोड्या वेळाने तो पुन्हा मान उंच करतो, कारण पाखरांच्या लकबी मोजक्या असतात आणि ती त्यांच्याकडे फिरून फिरून येतात. तेव्हा पहिल्या रेखाटनाकडे परत जावे आणि आणखी दोन रेघा घालाव्यात. तासाभरात पानावर सात-आठ अर्धवट बगळे जमतात. त्यांपैकी एखादा पुरा होतो, बाकीचे तसेच राहतात. त्यांना घरी जाऊन पुरे करण्याचा मोह होतो. आणि मनातले पाखरू पुन्हा शिरते ते याच वाटेने. पाय गवतात होते म्हणून दिसले नाहीत, तर चित्रातही ते नसावेत. वहीतली कोरी जागासुद्धा एक नोंद असते.

साहित्याविषयी फार बोलण्याचे कारण नाही. मऊ शिशाची पेन्सिल, पुठ्ठ्याच्या पाठीची वही, जलरंगांची लहान डबी, एक बरा कुंचला आणि पाण्याची बाटली एवढ्यावर पुष्कळ वर्षे निभते. आठपट मोठे दाखविणारी दुर्बीण असल्यास उत्तम. खोडरबर घरी ठेवावे. चुकलेली रेघ तशीच राहू द्यावी आणि शेजारी दुसरी ओढावी.

रंगांचा विषय मात्र सविस्तर पाहण्यासारखा आहे. गायबगळा पांढरा, म्हणून तो सोपा वाटतो. कागदही पांढराच असल्यामुळे खरी अडचण तेथेच सुरू होते. बारकाईने पाहिल्यास त्याच्या अंगावर निव्वळ पांढरा भाग थोडाच असतो. पाठीवर सकाळचे पिवळसर ऊन, सावलीच्या बाजूस आकाशाची निळसर झाक, आणि भाताच्या खाचरात उभा असेल तर पोटाखाली हिरव्या रोपांचा उजेड. म्हणून बगळा रंगविण्यापेक्षा त्याच्या भोवतीचे शेत रंगवावे आणि बगळ्याच्या जागी कागद सोडून द्यावा, त्यावर सावलीचा एखादा पातळ हात फिरवावा. कावळ्याचे याच्या उलट. डबीतला काळा रंग लावला की कावळ्याच्या आकाराचे भोक तयार होते. त्याच्या पंखांवर निळी-जांभळी चमक असते, आणि गावकावळ्याची मान तर सरळ राखी असते, हे रोज खिडकीत कावळा पाहणारासही एकदम सांगता येत नाही.

खंड्याच्या पाठीचा निळा हा तर रंगाऱ्याची परीक्षा पाहणारा. त्या पिसांत निळे रंगद्रव्यच नसते. पिसाच्या आतील अतिसूक्ष्म रचनेमुळे प्रकाशातील निळा भाग तेवढा परत फेकला जातो, आणि म्हणून उजेडाबरोबर त्याची छटा पालटते; ढगाळ दिवशी जो खंड्या मळकट दिसतो तोच उन्हात भिरकावलेल्या रत्नासारखा चमकतो. डबीतला कोणताही निळा त्याची बरोबरी करीत नाही. अनुभवी चित्रकार अशा वेळी निळ्याच्या मागे लागत नाहीत. ते शेजारचा चॉकलेटी तपकिरी आणि चोचीचा तांबडा नीट जुळवितात, म्हणजे मधला निळा आपोआप उजळतो.

पाखरू उडून गेल्यावर रंग ध्यानात राहत नाही, म्हणून रेखाटनाच्या कडेला रंगांची नावे लिहून ठेवण्याची चाल आहे. येथे मराठी माणसाची सोय फार चांगली झाली आहे. विटकरी, राखी, मातकट, गव्हाळी, शेवाळी, आमसुली, डाळिंबी, अबोली, मोतिया, पोपटी, मोरपंखी, चिंतामणी ही नावे लुगड्यांच्या दुकानातून आणि स्वयंपाकघरातून आलेली आहेत, आणि ती इतकी नेमकी आहेत की होल्याच्या अंगाला ‘तपकिरी’ म्हणणे हा निव्वळ आळस ठरावा. पक्ष्यांच्या नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षीकोश’ जवळ असावा. एकाच पाखराला खानदेशात, विदर्भात आणि कोकणात निरनिराळी नावे असतात, आणि वहीत गावचे नाव व कोशातले नाव दोन्ही असलेली बरी.

आता प्रश्न उरतो तो छायाचित्राचा. ज्या काळी खिशातल्या दूरध्वनीतही कॅमेरा असतो त्या काळी पेन्सिलीने पाखरू काढावयाचे कशाला? याला आपल्याच प्रांतातील एक हकिकत उत्तर देते. रानपिंगळा नावाचे लहान घुबड 1873 साली शास्त्रास ज्ञात झाले. त्याचा शेवटचा खात्रीचा नमुना 1884 साली खानदेशात मिळाला, आणि त्यानंतर ते दिसेनासे झाले. दरम्यान रानपिंगळ्याची म्हणून छायाचित्रे पुढे आली. ती गावोगावच्या वडा-पिंपळात राहणाऱ्या साध्या पिंगळ्याची निघाली. कॅमेऱ्याने आपले काम चोख केले होते. पाहणाराला मात्र दोहोंतील फरक कोठे शोधावयाचा हे ठाऊक नव्हते. पुढे पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संग्रहालयांतील जुने नमुने पुन्हा बारकाईने तपासले, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या रानात, एकशे तेरा वर्षांनी, रानपिंगळा दिवसाउजेडी झाडावर बसलेला सापडला. साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा असतो. त्याचे पाय दणकट आणि पांढऱ्या पिसांनी भरलेले असतात. ज्याने घराजवळचा पिंगळा दहा वेळा काढला आहे, माथ्यावरचे ठिपके काढता काढता ज्याचा हात कंटाळला आहे, त्याला कोरा माथा दिसताच पेन्सिल थांबवावी लागेल. छायाचित्र घेणारास त्या ठिपक्यांकडे पाहण्याची सक्ती नसते. रेखाटणारास ती असते. कॅमेऱ्याशी वैर धरण्याचे मात्र कारण नाही. उडत्या पंखाची ठेवण तपासण्यास त्याच्याइतका साह्यकर्ता दुसरा नाही.

जुन्या चित्रकारांची एक रीत मात्र आता सर्वथा वर्ज्य आहे. अमेरिकेतील पाखरांची चारशे पस्तीस भव्य चित्रे प्रसिद्ध करणारा ऑडुबॉन आधी पाखरू बंदुकीने मारी आणि तारांनी फळ्यावर हव्या त्या ढबीत बसवून मग ते काढी. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपाखरे मारणे किंवा पिंजऱ्यात धरणे हा गुन्हा ठरविला आहे. त्यांची घरटी आणि अंडी यांनाही त्यात संरक्षण आहे. कायद्यात न बसणारी इजाही पुष्कळ होते. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. चित्रकार जवळ जाऊन बसला की ती ओरडत दूर जाते, अंडी उन्हात तापतात, आणि माणूस कशाकडे पाहतो आहे हे कावळा झाडावरून पाहत असतो. चित्र चांगले आले आणि पिलू मेले, हा व्यवहार कोणत्याही हिशेबाने तोट्याचाच. पाखरू वारंवार मान उंचावून चित्रकाराकडे पाहू लागले, तर वही मिटून वीस पावले मागे सरावे.

प्रत्येक पानावर तारीख, वेळ, जागा आणि हवामान घालण्याचा कंटाळा करू नये. मन्सूरचाच समजला जाणारा सायबेरियन क्रौंच कलकत्त्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. पालास या शास्त्रज्ञाने 1773 मध्ये त्या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी तो रंगविला गेला. हे क्रौंच हिवाळ्यात भरतपूरला येत असत. दरवर्षी त्यांची संख्या घटत गेली, आणि 2002 नंतर तेथे एकही आला नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत भरतपूरच्या बांधावर बसून ज्या कोणी त्यांची पेन्सिलीने रेखाटने केली असतील, त्यांच्या वह्यांतील तारखांना आज वेगळेच वजन आले आहे. काढणाराला त्या वेळी ती फक्त एक थंड सकाळ वाटली असेल.

नवशिक्याने आरंभ कधी करावा, असे विचारल्यास पावसाळा सरल्यावर, आश्विन-कार्तिकात करावा. हवा स्वच्छ असते, पुढे पाने गळू लागली की फांद्या मोकळ्या होतात, आणि उत्तरेकडचे पाहुणे येऊन पोहोचतात. त्यांपैकी धोबी तर गच्चीवर, अंगणात, नळाच्या ओलीवरही उतरतो. राखी-पांढऱ्या अंगाचा हा सडपातळ पाहुणा दोन पावले धावतो, थांबतो, आणि थांबला तरी त्याची लांब शेपटी खालीवर हलतच राहते. ती शेपटी कागदावर कोठे थांबवावी, वर, खाली की मध्ये, हे ठरविण्यातच पहिली सकाळ बहुधा जाते.